पाव इंचाची चूक

गल्लीत त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे पाव इंच. पाठीमागचं नाव जास्त अचूक होतं. शिवून झालेली पँट घालून गिऱ्हाईक आरशासमोर पुढून-मागून वळायचं, खूश होऊन मान डोलवायचं, आणि मास्तर मात्र गुडघ्यावर बसून, तोंडात दोन टाचण्या धरून, पायाच्या घडीकडे बघत पुटपुटायचे, "पाव इंच." कमी की जास्त ते सांगायचे नाहीत. गिऱ्हाईक हवालदिल व्हायचं. मास्तर म्हणायचे, उद्या या. दुसऱ्या दिवशी पँट होती तशीच दिसायची, पण मास्तरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलेलं असायचं.

दुकान अकरा फूट बाय नऊ. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, काचेमागे कापायचं टेबल, दोन मशिनं, एक इस्त्री, आणि पडद्यामागे माणूस उभा राहील पण वाकू शकणार नाही एवढी ट्रायल रूम. दुसऱ्या मशिनवर मास्तरीणबाई बसत. काजं, बटणं, चेन आणि बोलणं ही खाती त्यांच्याकडे होती. मास्तर माप घेत आणि आकडा म्हणत. बाई तो मापाच्या वहीत लिहून घेत. वहीत जुना आकडा खोडायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवा लिहायचा, अशी पद्धत. त्यामुळे पानापानावर एकेका माणसाचं आयुष्य रुंदीनं मांडलेलं होतं. बहुतेक माणसं एकाच दिशेनं गेलेली: बत्तीस, चौतीस, छत्तीस, साडेसदतीस. उलट्या दिशेनं जाणारी थोडी, आणि ती सहसा सकाळी बूट घालून धावताना दिसत.

आकडा म्हणायचा, मत म्हणायचं नाही, हा दुकानाचा दुसरा नियम. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल शिंप्यानं बोललेलं कुणाला आवडत नाही. सुटलं म्हटलं तर राग येतो, आणि वाळलं म्हटलं तर जास्त येतो. छत्तीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यांचा स्वभावच तसा होता. बोलण्यापेक्षा काळजी करणं त्यांना सोपं जायचं.

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. हा शब्द कुणी ठरवला माहीत नाही. ठरवणारा एकतर फार हळवा असावा किंवा कापडाचा व्यापारी. बाकीचे शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया सोडत. मास्तर दीड सोडत. उद्या गिऱ्हाईक सुटलं तर? आयुष्यातही त्यांचा हाच हिशोब. सकाळी नऊच्या बससाठी ते सव्वाआठला थांब्यावर उभे राहत. घराच्या किल्लीचे तीन जोड केले होते आणि तिसरा कुठे ठेवला याची त्यांना काळजी असे. त्यांचे वडील एकसष्टाव्या वर्षी पोटानं गेले होते. घरात ते असंच सांगितलं जायचं: पोटानं गेले. जसं कुणी बसनं जावं. पोटात काय झालं होतं हे त्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि पुढे विचारायला कुणी उरलं नाही.

थोरला भाऊ तेवढा होता. दादा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला होते, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत आणि रविवारी दुपारी भावाकडे जेवत. धाकट्या भावाला ते अजून बारक्या म्हणत. बारक्या सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्याला बघून हे नाव कुणाला सुचलं नसतं.

एका मंगळवारी दादा दुकानात आले, काखेत दोन पँटी.

"बारक्या, या जरा आत घे. पट्ट्याला भोकं पाडून कंटाळा आला."

"भोकं पाडलीस? कशानं?"

"खिळ्यानं."

मास्तरांच्या जिवाला आधी तो खिळा लागला. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, दादांच्या कमरेला लावली आणि म्हणाले, "पस्तीसला पाव कमी."

बाईंनी वही उघडली. मागचा आकडा साडेछत्तीस. त्यावर रेघ मारून त्यांनी नवा लिहिला आणि वर बघितलं. मास्तरांनी टेपकडे बघितलं.

आता इथे एखादा साधा माणूस असता तर भाऊ बारीक झाला एवढंच त्याला दिसलं असतं. मास्तर साधे नव्हते, शिंपी होते. पावणेदोन इंचांचा फरक दिसल्यावर त्यांना पहिला संशय स्वतःच्या हत्याराचा आला. कापडी टेप वापरून वापरून ताणते. ताणलेली टेप कमी माप दाखवते. दादा गेल्यावर त्यांनी टेप पोलादी पट्टीला लावून बघितली, आणि खरोखरच छत्तीस इंचांत ती पाव इंच ताणलेली निघाली.

एवढा आनंद मास्तरांना क्वचित होत असे. पाव इंचाचा गुन्हेगार सापडला होता. उरलेल्या दीड इंचाची सोय त्यांनी तिथल्या तिथे लावली: मागच्या वेळी थंडी होती, माप स्वेटरवरून घेतलं असणार, झाला पाऊण इंच. आणि आज दादा जेवणाआधी आले होते, तो राहिलेला पाऊण. सगळं जुळलं. जुनी टेप त्यांनी कचऱ्यात टाकली, नवी आणली, आणि त्याच संध्याकाळी ते मापाची वही उघडून बसले. सहा वर्षं त्या टेपनं किती जणांची मापं घेतली होती!

पुढचे दोन महिने मास्तर गिऱ्हाइकांना फोन करत होते. "काही विशेष नाही, फक्त कंबर कशी आहे विचारायचं होतं." बँकेतल्या एका साहेबांच्या घरी फोन त्यांच्या मिसेसनी उचलला आणि हा प्रश्न तुम्ही कुठल्या नात्यानं विचारताय, असं विचारलं. मास्तर झोपेत आकडे म्हणायला लागले. काळजी त्यांना नेहमीसारखीच, मापात होती. फक्त ती चुकीच्या पत्त्यावर जात होती.

अकरा आठवड्यांनी दादा त्याच पँटी घेऊन परत आले.

"तुझं शिवण सैल पडलं रे बारक्या. परत आत घे."

मास्तरांनी नवी टेप लावली. आकडा वाचला. टेप काढली, परत लावली. तिसऱ्यांदा लावताना त्यांच्या बोटांना दादांच्या कमरेचं हाड लागलं, जे पूर्वी कधी लागलं नव्हतं. टेप नवी होती, पोलादी पट्टीला लावून तपासलेली होती. दादा पातळ शर्टावर होते आणि जेवून आले होते. दोष द्यायला खोलीत आता एकच वस्तू उरली होती, आणि ती दादा होते.

"साडेतेहतीस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पडद्यामागून आल्यासारखा आला.

बाईंचं पेन हललं नाही. "परत सांगा."

"साडेतेहतीस."

बाईंनी वही मिटली. दुकानाचा दुसरा नियम त्यांनी कधीच मनापासून मान्य केलेला नव्हता.

"भाऊजी, जेवण कमी केलंय का?"

"छे! परवा रविवारी तुझ्याकडे दोनदा वाढून घेतलं की."

"घेतलंत. दुसऱ्यांदाचं सगळं ताटात राहिलं. जिना चढताना धाप लागते?"

"तिसरा मजला आहे, धाकटे. धाप मजल्यामुळे लागते, माझ्यामुळे नाही."

"पहिल्यापासून तिसराच आहे ना तो? आणि पोट?"

"पोटाचंच काम घेऊन आलोय ना."

"साफ होतं का, विचारतेय."

मास्तर खाली बसून नसलेली टाचणी शोधायला लागले. दादा आरशाकडे वळले. "कधी होतं, कधी नाही. कधी दोन दिवस नाही, मग एका दिवसात चारदा. या वयात वेळापत्रक कोण पाळतं?"

"किती दिवस झाले?"

"असतील चार-पाच महिने."

"रक्त?"

"काहीतरीच काय विचारतेस? दिसलं नाही कधी."

बाई म्हणाल्या, "तुम्ही लोकांना सांगायचात ना भाऊजी, घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरकडे बघत उभे राहा म्हणून?"

"हो तर. नळ बंद असून काटा फिरला, म्हणजे कुठंतरी गळतंय."

"भिंत ओली दिसत नसली तरी?"

"भिंत ओली दिसेपर्यंत थांबलं तर मग भिंतच पाडावी..." दादा बोलता बोलता थांबले. आरशात त्यांना धाकटी दिसत होती, हातात वही धरून. "वकील व्हायला हवी होतीस," ते म्हणाले. मग भावाला म्हणाले, "बारक्या, या वेळी आतलं कापड कापूनच टाक. बसलं की मागे गोळा होतो."

गोळा हा शब्द त्या खोलीत कुणालाच आवडला नाही.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "माया कापत नसतात."

डॉक्टर बाई मास्तरांच्या लेकीच्या वयाच्या असाव्यात, म्हणजे त्यांना लेक असती तर. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि एक छोटी डबी दिली, आत काडी. शौचात डोळ्याला न दिसणारं रक्त असेल तर त्यात कळतं, म्हणाल्या. दादांनी ती डबी खिशात अशी लपवून नेली की बघणाऱ्याला लाच वाटावी. दोन्ही रिपोर्ट आले. अंगात रक्त कमी होतं, आणि जे कमी होतं ते कुठून जात होतं हे डबीनं सांगितलं होतं. मग दुर्बीण ठरली. मागच्या बाजूनं बारीक नळी घालून मोठं आतडं आतून बघतात हे ऐकल्यावर दादा म्हणाले, "आमच्या खात्यात पाइपात कॅमेरा घालायचे तेव्हा निदान रस्ता बंद करायचे."

त्या दिवशी मास्तर बाहेरच्या बाकावर दोन तास बसले. समोरच्या पडद्याची खालची पट्टी उसवलेली होती. त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं, की आत काय निघालं हे पुढे आठवताना त्यांना शब्दांच्या आधी तो लोंबणारा दोरा दिसे. आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती. तुकडा तपासायला गेला, नको होतं तेच उत्तर घेऊन आला, आणि तीन आठवड्यांत ऑपरेशन होऊन आतड्याचा तेवढा भाग काढला गेला. एक हात कापड काढून दोन टोकं जोडली, असं मास्तरांनी मनातल्या मनात समजून घेतलं आणि जोडाला माया किती ठेवली असेल या विचारानं त्यांची झोप उडाली.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट सांगायला डॉक्टरांनी दोघा भावांना आणि बाईंना समोर बसवलं. गाठ आतड्याच्या भिंतीतच होती. आजूबाजूच्या ग्रंथी साफ होत्या.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले. हा प्रश्न ते चाळीस दिवस बरोबर घेऊन हिंडत होते. "दोन महिने टेपमुळे गेले."

"कशामुळे?"

मास्तरांनी सांगितलं. पोलादी पट्टी, पाव इंच, स्वेटर, सगळं. दादा छताकडे बघत होते. डॉक्टरांनी मधे न तोडता ऐकून घेतलं.

"मास्तर, टेपला कळलं म्हणजे तसा उशीरच झालेला असतो," त्या म्हणाल्या. "हे टेपला कळायच्या आत शोधायचं असतं, माणूस धडधाकट दिसत असताना. पण तुम्ही आणलंत, आणि अजून ते भिंतीबाहेर गेलं नव्हतं. आता पुढचं ऐका. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं, रक्त तपासायचं. वर्षानं स्कॅन आणि परत एकदा दुर्बीण. त्यात सूट नाही. हे परत आलंच, तर बहुतेक करून पहिल्या दोन-तीन वर्षांत येतं, आणि लवकर दिसलं तर काही करता येतं." मग कागदावर काहीतरी लिहीत त्यांनी सहज विचारलं, "वडील कशानं गेले तुमचे?"

"पोटानं," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"पोटात बऱ्याच गोष्टी असतात," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहायचं थांबवून मास्तरांकडे वळल्या. "सख्खे भाऊ ना तुम्ही? वय?"

"सत्तावन्न."

"दुर्बीण झालीय?"

"माझी?" मास्तर म्हणाले. जणू त्यांना कुणी पोहायला बोलावलं होतं. "मला काही होत नाही."

"तेच तर सांगतेय. काही होत नाही तेव्हाच करायची."

मास्तरांनी मान हलवली. शाळांच्या गणवेशांचं काम आलं होतं, ते झालं की बघू. गणवेश झाले. मग बँकेच्या पहारेकऱ्यांचे कोट आले. माणसाला टाळायचंच असलं की काम कधी कमी पडत नाही.

दादा मात्र सुधारले. ऑपरेशननंतर ते बत्तीसवर गेले होते, तिथून हळूहळू वर यायला लागले. मास्तरांनी पँटींची शिवण उसवली, आत दडवलेली माया बाहेर काढली, कापडाचा तो पट्टा न वापरल्यामुळे गडद राहिलेला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणाआधी, बनियनवर, माप घ्यायचं असं ठरलं. तेहतीस. साडेतेहतीस. चौतीसला पाव कमी. मास्तर आकडा म्हणत तेव्हा त्यांच्या आवाजात लग्नाच्या वरातीसारखं काहीतरी असे. तीन महिन्यांच्या तपासण्या दोनदा वेळेवर झाल्या. तिसरी दादांनी पंधरा दिवस पुढे ढकलली. आणि वर्ष भरत आलं, दवाखान्याचं दुर्बिणीचं पत्र आलं, तेव्हा ते त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

"काढलं ना एकदा? मग आता कशाला उकरायचं?" जेवताना ते म्हणाले. "बारक्याची टेप आहे की. बारीक झालो तर जाऊ."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

बाईंच्या हातातला चमचा थांबला. "काय बरोबर आहे?"

"म्हणजे, माप वाढतंय. पस्तीसला आलाय तो."

"टेपला उशिरा कळतं असं डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलंय."

"ते जुन्या टेपबद्दल."

एवढं बोलल्यावर मास्तरांना स्वतःलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. टेपबद्दल आयुष्यात पहिल्यांदा ते जाणूनबुजून खोटं बोलले होते. दादा त्यांच्याकडे बघत होते. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून मीटर वाचलेला माणूस होता तो. कुणी मीटरला हात लावलाय हे त्याला आत न शिरता कळत असे.

"अस्सं," दादा म्हणाले. "मला टेप पुरली तर याला पण पुरते. म्हणून माझी बाजू घेतोय हा."

मास्तर पाणी प्यायले.

"का रे, डॉक्टरांनी तुला सांगून किती महिने झाले?"

"गणवेश होते."

"किती महिने?"

"अकरा," बाई म्हणाल्या. हेही त्यांनी कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार.

"मग ठरलं," दादा म्हणाले आणि हात धुवायला उठले. "बारक्यानं करून घेतली तर मी पण करून घेतो. नाहीतर दोघं मिळून टेपवर जगू."

हे बोलताना दादा खूश होते. धाकट्या भावाला लहानपणी विहिरीत उडी मारायला लावलं होतं तेव्हाही त्यांनी हाच डाव टाकला होता, आणि तेव्हा बारक्यानं काठ सोडला नव्हता.

त्यानंतरचा आठवडा मास्तरांनी फार वाईट काढला. बाई काही बोलत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट. कापताना खडूची रेघ वाकडी जायला लागली. गिऱ्हाइकाचं माप घेताना त्यांना आपलं पोट आठवायचं आणि आकडा विसरायचा. एका दुपारी बाई बाजारात गेल्या असताना त्यांनी पडदा ओढला आणि स्वतःची कंबर मोजली. अडतीस. आकडा बघायला मान खाली घातली की पोट पुढे येई. सरळ उभं राहिलं की आकडा दिसत नसे. परत मोजली तर सदतीस भरली. तिसऱ्यांदा एकोणचाळीस. छत्तीस वर्षं ते लोकांची मापं घेत होते, आणि स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती आत्ता, ट्रायल रूममध्ये, अर्ध्या उघड्या अंगानं. वहीत त्यांचं पानच नव्हतं.

समजा आत काही असलं तर? हा प्रश्न होता तिथेच बसून होता. नसलं तर गेल्यावर कळेल. असलं तर न गेल्यानं जाणार नाही. हे त्यांना कळत होतं. पण भीतीची शिवण फार पक्की असते, नुसतं कळून ती उसवत नाही. शेवटी जे उसवलं ते एका वेगळ्याच टोकाकडून. दादा आपल्यामागे लपलाय, हे त्यांच्या डोक्यात आलं. मी नाही म्हणायची तो वाट बघतोय. मी नाही म्हणालो की त्याला मरेपर्यंत जायला नको. मागच्या वेळी दोन महिने टेपमुळे गेले होते. या वेळी जे जाईल ते माझ्यामुळे जाईल, आणि त्यात टेपचा पाव इंचाचाही वाटा नसेल.

बाई आल्या तेव्हा मास्तर पडद्याबाहेर उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"दवाखान्यात फोन कर," ते म्हणाले. "दोन नावं सांग."

आदल्या दिवशी दोघा भावांना एकाच घरात ठेवलं गेलं. पातळ सूप, आणि संध्याकाळपासून एक एक ग्लास औषधाचं पाणी. त्या पाण्यानं आतडं धुऊन निघतं, नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही. घरात संडास एक होता. दादांनी तिसऱ्या ग्लासानंतर वडीलकीचा हक्क सांगितला.

"बारक्या, बाहेर ये!"

"आत्ताच आलोय!"

"मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे!"

"मग नऊ मिनिटं थांब!"

बाईंनी शेजारणीकडून तिच्या संडासाची किल्ली आणून ठेवली होती. त्यांनीही कधीतरी माया सोडायला शिकून घेतलं होतं.

सकाळी दवाखान्यात दोघांना मागून बांधायचे झगे मिळाले. मास्तरांच्या झग्याचा मधला बंद उलट्या बाजूला शिवलेला होता, त्यामुळे तो कशालाच बांधता येत नव्हता. त्यांनी नर्सकडे सुई-दोरा मागितला.

"काका, कुशीवर व्हा," नर्स म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"कुशीवर, काका. मागे झाकायचं नाहीये आपल्याला."

दादा आधी आत गेले. मास्तर खाटेवर पडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मागच्या वेळी इथे ते बाहेरच्या बाकावर होते. त्या बाकावर आता बाई असतील. पडद्याची पट्टी कुणी शिवली की नाही हे बघायचं राहिलं, असा विचार करत असतानाच त्यांची खाट हलली. दादांची खाट परत येताना समोरून गेली. दादा झोपेत होते, तोंड उघडं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मास्तरांनी मान वळवून ढकलणाऱ्या माणसाकडे बघितलं. तो माणूस चाकाकडे बघत होता.

सुई टोचली तेव्हा मास्तर मनात आकडे म्हणत होते: बत्तीस, तेहतीस, साडेतेहतीस.

दुपारी दोघांना चहा मिळाला आणि डॉक्टर आल्या. जोडलेली जागा छान भरली होती. दादांच्या आतड्यात काही नव्हतं. स्कॅन आणि रक्तही साफ. "तीन-तीन महिन्यांचं दाखवणं चालू ठेवायचं. दुर्बीण आता तीन वर्षांनी."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढली आणि दादांच्या हातात दोन ठेवली. दादांनी ती दोन्ही एकदम चहात बुडवली.

"आणि मास्तर," डॉक्टर म्हणाल्या.

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुमच्यात एक बारीक मोड होता. आतड्याच्या अस्तरावर उगवतो तसा, पॉलिप म्हणतात. काढून टाकला लगेच. तपासायला पाठवलाय, नऊ दिवसांनी कळेल."

नऊ दिवस मास्तरांनी एकही कापड कापलं नाही. फक्त उसवायची कामं केली. दादा रोज दुकानात येऊन समोरच्या स्टुलावर बसत. एकदाही त्यांनी बारक्याला टोमणा मारला नाही, त्यामुळे मास्तरांना आपलं काही खरं नाही असं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"मग काय शिव्या देऊ?" दादा म्हणाले.

"दे थोड्या."

दादांनी दिल्या. थोडं बरं वाटलं.

नवव्या दिवशी तिघं परत त्याच खोलीत बसले. डॉक्टरांनी कागद वाचला. कॅन्सर नव्हता. पुढेमागे झाला असता अशातला मोड होता, कधी ते सांगता येत नाही, पण तो आता तिथे नव्हता.

मास्तरांनी विचारलं, "केवढा होता?"

"सहा मिलिमीटर."

मास्तरांचे ओठ हलले. दादांनी आणि बाईंनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही ठाऊक होतं काय येणार ते.

"पाव इंचाला जरा कमी," मास्तर म्हणाले.

"टेपला सापडला नसता," डॉक्टर म्हणाल्या आणि नव्या कागदावर लिहायला लागल्या. "घरात आजार आहे, म्हणून तुम्ही परत यायचं. पाच वर्षांनी."

"मला तीन आणि याला पाच?" दादा म्हणाले. "धाकटा म्हणून पहिल्यापासून लाडच आहेत याचे."

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "साडेचार लिहा."

"पाच पुरेत हो."

"पुरेत. तरी साडेचार लिहा."

"का पण?"

मास्तर बाईंकडे वळले, जणू हे काही डॉक्टरांना समजावण्यासारखं नव्हतं. बाईंनी पिशवीतून मापाची वही काढली, शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"माया," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तारीख सांगा."